उपास आणि अनशन

कार्तिक लागला, काशीत पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकांना आकाशदिव्यांच्या टोपल्या चढल्या, की मला भीती वाटायला लागते. लोक नावा करून ते दिवे बघायला येतात, फोटो काढतात, वा वा करतात. मी आमच्या ब्रह्माघाटच्या गच्चीवरून त्या टोपल्या बघते आणि आत येऊन उगाचच दाराला कडी घालते. मुक्ता, माझी मुलगी, हसते. "आई, दिव्यांना कोण घाबरतं गं?" तिला काय सांगणार, कपाळ! मी मुळातलीच भित्री. माकडांना भिते, गल्लीतल्या सांडाला भिते, ऑफिसात तर साहेबाची घंटी वाजली की हातातला पेन खाली पडायचा. पण ही भीती त्यांतली नव्हे. ही बाबांच्या त्या कार्तिकातली आहे.

यंदा त्या भीतीला आणखी एक निमित्त मिळालं. मी कचहरी भागातल्या एका सरकारी कार्यालयात जन्मभर बाबूगिरी केली आणि गेल्या वर्षी रिटायर झाले. मागोमाग पगारवाढीचा आदेश निघाला. नोकरीत असलेल्यांच्या हातावर चिमूटभर, आणि आम्हां पेन्शनरांसाठी ते जुनंच वाक्य, की आधी निवृत्त झालेल्यांचा विचार यथावकाश स्वतंत्रपणे करण्यात येईल. यथावकाश! त्या शब्दावर बाबा कसले भडकायचे. "म्हणजे आम्ही अवकाशात गेल्यावर," म्हणायचे. आदेश वाचताना मला त्यांचाच आवाज ऐकू आला आणि वाचता वाचता चष्म्यावर वाफ धरली.

बाबा सरकारी इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, संस्कृतचे मास्तर होते. रिटायर होऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी गल्लीत ते 'मास्टर साहब'च. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की बनारसी हिंदी, आणि दोन्हीकडे बोललेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पोरांना 'उद्या शब्दरूपं विचारीन' म्हणाले की अंगात ताप असला तरी उद्या विचारायचेच. आम्हांला त्याचा अभिमानही होता आणि जाचही.

त्या वर्षीचा आदेशही असाच होता. वाढ अशी की आईच्या गुडघ्यांच्या औषधात विरून जावी. कर्मचारी चिडले, पेन्शनर त्याहून चिडले आणि वरुणा नदीच्या पुलाजवळ धरण्याचा मंडप उभा राहिला. मला तो सगळा महिना अजून वासांनी आठवतो. सकाळचं धुकं, त्यात मलइयो विकणाऱ्याची हाक, मातीच्या कुल्हडातला तो दुधाचा केशरी फेस, घाटावरून येणाऱ्या बायकांच्या ओल्या लुगड्यांचा वास, आणि मंडपातल्या दमट सतरंज्यांचा. बाबा पहाटे पंचगंगेला स्नान करून यायचे, चहा घ्यायचे आणि शाळेची सहल असावी तसे निघायचे. मफलर, पाण्याची बाटली, खिशात शेंगदाण्यांची पुडी. संध्याकाळी यायचे ते घोषणा देऊन बसलेला घसा घेऊन. "आज मिश्राजींनी काय भाषण ठोकलं, सांगू!" मिश्राजी म्हणजे बिजली खात्यातले रिटायर, देहानं अगडबंब आणि मनानं लोणी.

आईला ते सगळं आवडायचं नाही. मला तर मुळीच नाही. ऑफिसात नोटिस लागली होती की धरण्यावर बसणाऱ्याचा पगार कापला जाईल, चौकशी होईल. एकदा साहेबानं फायलीवर सही करता करता मान वर न करता विचारलं, "आपके पिताजी भी बैठते हैं न, मैडम?" एवढंच. पुढे काही नाही. मी "जी सर" म्हणाले आणि दिवसभर तीच एक फाईल उलटत बसले. पुलाजवळून जाताना मी तोंडावर पदर घेऊन जायचे, स्वतःच्या बापाला ओळख न देता. बाबांना ते दिसायचं. ते मान वळवून दुसरीकडे बघायचे, मला त्रास नको म्हणून.

मग क्रमिक अनशन ठरलं. म्हणजे रोज पाच जणांनी बसायचं, सकाळी दहापासून दुसऱ्या दिवशी दहापर्यंत, पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुढचे पाच येणार, आधीच्यांना रस पाजून, हार घालून उठवणार आणि त्यांच्या जागी बसणार. बाबांचं नाव नेमकं कार्तिकी एकादशीला आलं. त्यांना केवढा आनंद! "उपास आहेच, घरी करायचा तो तिथे करीन, त्यात काय."

आदल्याच दिवशी ते पेन्शनीसाठी हयातीचा दाखला देऊन आले होते. जिवंत आहोत असं दर वर्षी लिहून द्यावं लागतं ना आपल्याला, नाहीतर सरकारच्या लेखी माणूस गेलाच. आई म्हणाली, "कालच जिवंत असल्याचं लिहून दिलंय, एवढ्यात खोटं पाडू नका म्हणजे झालं." आम्ही तिघंही हसलो होतो. 

आता आमच्या घरातला उपास म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याच्या काचऱ्या, वर दही. बाकीच्या दिवसांपेक्षा एकादशीला आम्ही जास्तच जेवत असू. बाबांना साखरेचा आजार होता. सकाळी उठलं की आई त्यांना एक गोळी द्यायची. डॉक्टरांनी बजावलं होतं की ही गोळी घेतली की खायलाच हवं, नाहीतर साखर एकदम उतरते, माणूस बेशुद्ध होतो, कधी कधी पुन्हा शुद्धीवर येतच नाही. पण एकादशीलाही ती गोळी चालायची, कारण मागोमाग बशीभर खिचडी असायचीच. इतक्या वर्षांच्या इतक्या एकादश्या, कधी काही झालं नव्हतं. उपास म्हटलं की गोळी आणि खिचडी, हे त्या दोघांच्या हाताला इतकं बसलेलं होतं की उपास वेगळा आणि अनशन वेगळं, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बाबा धुतलेला सदरा घालून निघून गेले. फोन कोनाड्यात ठेवून गेले, भाषणाच्या मध्ये वाजायला नको म्हणून. मी त्या दिवशी रजा घेतली होती. आई बिंदुमाधवाच्या देवळातून लोटीभर पंचामृत घेऊन आली, तेव्हा बाबा निघून गेलेले. "बघ, तीर्थ न घेताच गेले," असं पुटपुटत ती खिचडीसाठी दाणे भाजायला बसली. उलथणं फिरता फिरता तिचा हात थांबला.

"सुमे," ती म्हणाली, "अगं, गोळी."

"कसली गोळी?"

"सकाळी दिली मी त्यांना. नेहमीसारखी. अगं बाई, मी त्यांना गोळी दिली गं!"

कढईतले दाणे करपायला लागले होते आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच होतो. आजही कुणाच्या घरात दाणे जरा जास्त भाजले गेले की मला तीच सकाळ आठवते. परवा मुक्ताच्या हातून तसंच झालं, तर मी तिच्यावर उगाचच ओरडले. ती बिचारी म्हणाली, "जल गया तो जल गया, आई, उसमें क्या है." तिचं चुकलं नव्हतं.

आईनं हाताला येईल ते केलं. अर्धीकच्ची खिचडी डब्यात कोंबली, पंचामृताची लोटी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. "हे पण ने. एकादशीचं तीर्थ आहे." तिच्या गुडघ्यांना गल्लीच्या पायऱ्या झेपत नव्हत्या, नाहीतर तीही धावली असती. मी पळाले. ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत मोटार येत नाही हे मी नातेवाइकांना नेहमी कौतुकानं सांगते. त्या दिवशी त्याच गल्ल्यांना मी शिव्या घातल्या. दुर्गाघाटाच्या वळणावर सांड आडवा. मी सांडाला भिते म्हटलं ना? त्याच्या पाठीवर हात टेकून पलीकडे गेले, हे मला नंतर आठवलं. मैदागिनच्या चौकात पोचले तर समोरून 'राम नाम सत्य है' करत माणसं आली. बनारसमध्ये तिरडी आडवी येणं ही काही बातमी नाही, दिवसातून कितीदा येते, आम्ही बाजूला होऊन भाजीचा भाव विचारत राहतो. त्या दिवशी मी डोळे मिटून उभी राहिले आणि देवाला म्हटलं, आज नको, आज मुळीच नको. टोटोत, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षात, बसले तर पौर्णिमेच्या देवदिवाळीसाठी आधीच जमलेल्या गर्दीनं रस्ता तुंबलेला. टोटोवाल्याला म्हटलं, "भैया, जल्दी." तो म्हणाला, "उड़ाकर ले जाएँ क्या, बहनजी?" मला रडू फुटलं तेव्हा त्यानं कुठल्या कुठल्या बोळांतून गाडी घातली.

मंडपात पाच जण गळ्यात झेंडूचे हार घालून ओळीनं बसलेले. मिश्राजी मध्ये, बाबा कडेला. बाजूला पोलीस, एक ॲम्ब्युलन्स, खुर्चीवर पेंगणारा सरकारी डॉक्टर, आणि मोबाईल उंच धरून फिरणारे दोघं-तिघं वार्ताहर. हवेत गारवा होता, बाकीच्यांनी स्वेटर घातलेले. बाबांचा सदरा मात्र पाठीला चिकटला होता. कपाळावरून घाम निथळत होता.

"बाबा."

त्यांनी वर बघितलं. "अक्का, तू कशाला आलीस एवढ्या लांब?"

अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती जाऊन युगं झाली होती.  मी त्यांच्याजवळ बसकण मारली आणि डबा उघडला. "मी सुमा आहे, बाबा. सकाळी तुम्ही गोळी घेतलीत. दोन घास खा. आत्ताच्या आत्ता."

खिचडीच्या वासानं म्हणा की कशानं, त्यांची नजर जरा स्थिरावली. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग मोबाईलवाल्यांकडे. "झाक तो," ते म्हणाले. "आधी झाक, सुमा."

"अहो, साखर उतरलीय तुमची! मी डॉक्टरला हाक मारते."

"हळू बोल." त्यांची जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांना चिकटून येत होते. "मी पडलो असं कळलं की सगळ्यांनाच उचलतील. मंडप मोडतील. निमित्तच हवंय त्यांना. पाच जणांनी हातात पाणी घेऊन शब्द दिलाय."

"आणि मेलात म्हणजे?"

असं म्हटलं मी बाबांना. एकादशीच्या दिवशी. ते हसल्यासारखं काहीतरी करत म्हणाले, "मग कालचा दाखला..." आणि पुढचं वाक्य त्यांना सापडलंच नाही. मिश्राजी वळून बघायला लागले. "बिटिया, मास्टर साहब कुछ ठीक नहीं लग रहे." मला ओरडायचं होतं. डॉक्टर दहा पावलांवर होता. त्याला हाक मारली तर बाबा वाचतील, पण मग घरी येऊन जन्मात माझ्याशी बोलणार नाहीत. नाही मारली तर बोलायला राहतीलच असं नाही. इतकी भीती मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटली नाही. भीतीनं माणूस थिजतो म्हणतात. माझा हात मात्र आपोआप त्या फडक्यातल्या लोटीवर गेला.

मी उठले, कडेच्या चहावाल्याकडे गेले. "भैया, चीनी. मुट्ठी भर." त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता डब्यातून मूठभर साखर दिली. मंडपाकडे पाठ करून मी ती पंचामृतात ओतली, बोटानंच ढवळली. परत येऊन बाबांच्या समोर बसले.

"बाबा, तीर्थ घ्या. बिंदुमाधवाचं आहे. सकाळी न घेताच आलात."

तीर्थाला नाही म्हणायची आमच्या घरात रीत नाही. तीर्थानं उपासही मोडत नाही. बाबांचा हात सवयीनं पुढे आला, तळव्याची खोलगट वाटी झाली. मी पळी नव्हती म्हणून लोटीच वाकडी केली. माझा हात असा थरथरत होता की निम्मं त्यांच्या धोतरावर सांडलं. ते प्यायले. आणि थांबून माझ्याकडे बघत राहिले, खूप वेळ. मला वाटलं, अजून ओळख पटत नाहीये.

"अजून घ्या," मी म्हटलं. "घ्या ना हो, बाबा."

त्यांनी पुन्हा हात पुढे केला. पुन्हा. पुन्हा. तेवढ्यात मिश्राजींनीही पंजा पुढे केला, "हमको भी दीजिए बिटिया, आज एकादशी है." झालं! आधीच लोटी केवढीशी. त्यांना थेंबभर दिलं. तर ते डोळे मोठे करून म्हणाले, "अरे वाह, बड़ा मीठा है!" बाबांनी डोळे मिटून घेतले. वार्ताहरानं आमच्याकडे मोबाईल वळवला, बघितलं, हात जोडले आणि पुढे गेला. प्रसाद वाटणाऱ्या बाईला बनारसमध्ये कोण हटकणार!

थोड्या वेळानं त्यांच्या कपाळावरचा घाम वाळला. "सुमा," ते म्हणाले, "आई एकटी असेल ना घरी?" मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच सतरंजीवर डोकं टेकलं. बाबांच्या घरी राहिलेल्या फोनवर आईला कळवलं, आणि मग मी तिथून हललेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिथेच बसून राहिले, ऑफिस गेलं खड्ड्यात. अधूनमधून 'तीर्थ' देत राहिले. लोटी संपली तेव्हा नुसतं पाणी आणि चहावाल्याची साखर. दर वेळी बाबा हात पुढे करायचे. सकाळी पुढचे पाच हार घेऊन आले तेव्हा बाबा म्हणाले, "पुरे आता."

पुढे काय व्हायचं? शिष्टमंडळाला बोलावणं आलं, आश्वासन मिळालं, मंडप उठला. वाढ यथावकाशच राहिली. साहेबानं मला बोलावून घेतलं आणि नुसता कागद वाचत बसला, पण नोटिस काही आली नाही. बाबांनी पुन्हा कधी अनशनाला नाव दिलं नाही. मला वाटलं, चला, एकदाची धास्ती बसली त्यांना. गल्लीत कुणी म्हटलं, "मास्टर साहब, आपने भी तो अनशन किया था," की बाबा म्हणायचे, "अरे नहीं भाई, हम तो बस बैठे थे." मला तो त्यांचा विनय वाटायचा. मी फणकाऱ्यानं म्हणायचे, "असं काय हो बाबा, दिवसरात्र बसलात की पाण्यावर!" मग ते उठायचे आणि गच्चीत जाऊन उभे राहायचे. काही वर्षांनी ते घरातच, झोपेत गेले. त्यांच्यामागून आई.

यंदाही अनशन ठरलं आणि पेन्शनरांतले काही जण नावं लिहून घ्यायला आले, तेव्हा मी माझं नाव दिलं. का दिलं, देव जाणे. भित्र्या माणसाला कधी कधी असं काहीतरी होतं. साखर मलाही आहे, बापाची तेवढी इस्टेट मिळालीये. बाबांच्या वेळी मुक्ता शिकायला बाहेरगावी होती, पण ती गोष्ट तिनं ऐकलेली; तिनं आधीच माझ्या गोळ्यांचं पाकीट स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी गोळी टाळायला सांगितली. मी ती टाळली. तरी सकाळी हात सवयीनं गोळ्यांच्या कोनाड्याकडे गेलाच, आणि मी चटका बसल्यासारखा मागे घेतला.

त्याच पुलाजवळ तसाच मंडप. मला बरं वाटत होतं, जरा डोकं हलकं, बाकी काही नाही. दुपारी मुक्ता बँकेतल्या तिच्या नोकरीवरून आली. ओढणीखाली काहीतरी लपवलेलं. जवळ येऊन बसली आणि बाहेर काढली ती माझ्या आईची तीच लोटी.

"आई, तीर्थ घे."

"आज कसलं तीर्थ? आज एकादशी आहे का?"

"बस, घे ना. पंचगंगेचं आहे."

आठाच्या आत डोळे न उघडणारी माझी पोर, ती कधी गेली पंचगंगेला! तिचे ओठ सुकले होते. लोटी धरलेला हात थरथरत होता. मी तिला सांगू शकले असते की अगं, मी गोळी घेतलीच नाहीये, मला धोका नाही. तिला ते ठाऊकही होतं. पण भीतीला कुठे ठाऊक असतं? मी हात पुढे केला.

पहिल्याच घोटाला न विरघळलेली साखर दाताखाली कचकचली. इतकं गोड, की दात शिवशिवले. आणि मला कळलं. इतक्या वर्षांनी, त्या सतरंजीवर, कळलं. बाबांना पहिल्याच घोटाला समजलं होतं. न समजायला ते काय खुळे होते? ते माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले ते ओळख पटत नव्हती म्हणून नव्हे. माझा थरथरणारा हात बघत होते ते. आपला शब्द मोडतोय हे पुरतं समजून त्यांनी पुन्हा हात पुढे केला, आणि पुन्हा, सकाळपर्यंत. माझ्यासाठी. अरे देवा, आणि मी त्यांना 'पाण्यावर बसलात की' म्हणून ऐकवत राहिले. मला ओरडून रडावंसं वाटलं, पण समोर मुक्ता होती आणि ती आधीच घाबरलेली.

"अजून दे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचे पाच आले, रस आला, हार आले. माईकवर कुणी म्हणालं, "बहनजी ने पूरे दिन-रात का अनशन किया है, जोरदार ताली!" मी उठून माईक जरा बाजूला सारला.

"नहीं भैया," मी म्हटलं, "हम तो बस बैठे थे."

कुणी ऐकलं नाही. समोर मुक्ता जोरजोरात टाळ्या वाजवत होती, आणि तिचे हात आता थरथरत नव्हते.